रेडिओचे बटण

रेडिओच्या त्या दिवसांना सगळे ‘सोनेरी’ म्हणतात. मला ते जड जाते. पाथर्डीत आमचा रेडिओ ओसरीवर, पुरुषांच्या बैठकीत. आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ लागले की आई चुलीपाशी भाकरी थापता थापता कान देई. टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी नीलम प्रभू. वहिनी पंतांना तोंडावर सुनावी, तरी तिच्यावर कुणी हात उचलत नसे, याचेच आम्हां मुलींना नवल! पण मैत्रिणींनो, दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्याकडच्या बायांचा प्रपंच त्यात कधी ऐकल्याचे आठवत नाही. आणि मध्येच बाबांनी बातम्या लावल्या, की वहिनीचे वाक्य अर्धेच राही. आई काही बोलत नसे. तवा तेवढा आपटे.