आठ दिवसांसाठी आलेली पुरी

"शेल्टरमधला कुत्रा घरी आणला, तर तो खरंच आपला होतो का गं?" हा प्रश्न मला हल्ली बरेच जण विचारतात. कारण व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे बहुतेक वेळा एक तांबूस शेपटी हलताना दिसते. "होतो की!" असं म्हणून मी मोकळी व्हायचे. पण ते उत्तर अर्धंच आहे. आज पूर्ण सांगते.

ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा. आमच्या बडोद्याला विश्वामित्री नदीचा पूर आला होता. नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आमचं घर पहिल्या मजल्यावर, त्यामुळे आम्ही वाचलो, पण खाली पार्किंगमध्ये पाणी आणि घरात वीज नाही. कॉलेजमधली माझी एक मैत्रीण पुरात अडकलेली जनावरं काढणाऱ्या मुलांबरोबर फिरत होती. पाणी ओसरायला लागल्यावर तिचा फोन आला, "आमच्याकडे जागाच उरली नाहीये. एक कुत्री आठ दिवस ठेवशील?"

मी, आई आणि बाबा तयार होतो. प्रश्न आजीचा होता. आमच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री. आजी दर गुरुवारी हार घालते. मी म्हटलं, "आजी, चार आहेतच की घरात, पाचवी येऊ दे." आजी म्हणाली, "ती चार तसबिरीत आहेत. ओल्या अंगाने माझ्या पलंगावर चढत नाहीत." शेवटी अटी ठरल्या. स्वयंपाकघरात यायचं नाही, देवघराजवळ फिरकायचं नाही, आणि तिचं भांडं वेगळं, प्लास्टिकचं.

पुरातून आली म्हणून बाबांनी नाव ठेवलं 'पुरी'. वय असेल दोनेक वर्षं. कानाला खाच नव्हती. (रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी झाली की ओळखीसाठी कानाला छोटी खाच पाडतात.) आणि गळ्याभोवती केस झिजून पट्ट्याची खूण पडलेली होती. म्हणजे ही कोणाची तरी होती. आम्ही लगेच तिचा फोटो पुराच्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

पुरी आली ती थेट दिवाणाखाली गेली, आणि तिथेच राहिली. अकरा दिवस! रात्री दिवे बंद झाले की खायची, पहाटे बाबा गच्चीवर न्यायचे तेवढंच बाहेर. मी घरूनच काम करते, त्यामुळे लॅपटॉप घेऊन दिवाणासमोर जमिनीवर बसायचे, बिस्किटं दाखवायचे, लाडात हाका मारायचे. मला वाटायचं, हिला आपण वाचवलंय, तर हिने थोडं तरी प्रेम दाखवायला नको?

दुसऱ्याच दिवशी मी मोठी चूक केली होती. शेजारची तीन मुलं तिला बघायला आली आणि त्यांना दिसावी म्हणून मी दिवाणाखाली हात घालून तिला ओढायला गेले. ती गुरगुरली. मी थांबले नाही. तिचा दात माझ्या मनगटाला लागला, थोडं रक्त आलं. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि रेबीजच्या इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घेतला. तिला आधी लस मिळाली होती की नाही, कोणाला माहीत! एवढ्याशा ओरखड्याला काय होतंय, असं इथे चालत नाही. कृपया करू नका.

त्या रात्री बाबा म्हणाले, "परत देऊन टाकू. आपल्याला जमण्यातलं नाही हे." मला राग आला, पण खरं सांगू? मनातून मलाही तेच वाटत होतं. कुत्रा आणून आठवड्याभरात परत करणारी बरीच कुटुंबं असतात, असं मैत्रीण सांगते. ती माणसं वाईट नसतात. त्यांना फक्त पहिल्या दिवसापासून शेपटी हलायला हवी असते. रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून २०२५ मध्ये देशभर वाद झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना असे कुत्रे दत्तक घ्यायला मोकळीक दिली, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. मला ते वाचून आमची ती रात्रच आठवली.

जनावरांचे डॉक्टर तिला तपासायला घरी आले होते. त्यांनी हिशेब सांगितला. साधारण तीन दिवस भेदरलेलं राहायचं, तीन आठवडे घर समजून घ्यायचं, तीन महिने हे आपलंच घर आहे असं वाटायला. प्रत्येक कुत्र्याचं हे गणित जुळतंच असं नाही, पण अंदाज येतो. डोक्यावरून हात न्यायचा नाही, वाकून बघायचं नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. घाबरलेल्या कुत्र्याला रोखून बघणं म्हणजे धमकीच वाटते. मी तर दिवसभर समोर बसून तिच्याकडे टक लावूनच बघत होते!

मग ती बाहेर कोणामुळे आली? आजीमुळे. आजी पहाटे साडेचारला उठून जपाला बसते. दिवा लावते, माळ ओढते, कोणाकडे बघत नाही, कोणाशी बोलत नाही. बाराव्या दिवशी मी पाणी प्यायला उठले, तर पुरी दिवाणाबाहेर, आजीपासून चार हातांवर, फरशीवर पोट टेकून पसरलेली. देवघराजवळ न येण्याची अट मोडून! आजीचे डोळे बंद. दुसऱ्या दिवशी तीन हात. आठवडाभरात आजीच्या पातळाच्या काठावर पुरीचं नाक. आख्ख्या घरात आजी एकटीच अशी होती, जिला पुरीकडून काहीच नको होतं.

"ही इथे येते," मी आजीला म्हटलं. "येते तर येऊ दे. बडबड करत नाही तुझ्यासारखी," आजी म्हणाली.

माझ्याकडे पुरीने नीट बघितलं ते दिवाळी उलटून गेल्यावर. नवरात्रात रात्र रात्र गरब्याचे स्पीकर, पाठोपाठ फटाके. त्या दिवसांत मी तिच्याजवळ पुस्तक वाचत नुसती बसायचे, हात न लावता. एका संध्याकाळी तिने मान वर केली आणि शांतपणे माझ्याकडे बघत राहिली. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलंय, की कुत्रा आणि त्याचा माणूस असे एकमेकांकडे बराच वेळ बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळाच्या नात्यात असतं, तेच हे संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र असं दिसलं नाही. मला त्या वेळी यातलं काही आठवलं नाही. मी फक्त श्वास रोखून बसले होते.

आणि डिसेंबरमध्ये फोन आला. नदीकाठच्या वस्तीत राहणारे एक काका. पुरात त्यांची कुत्री हरवली होती, राणी नाव. आमचा फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आता पोचला होता. रविवारी येतो म्हणाले.

दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. मी तर फोटोच काढून टाकायला हवा होता, इथपर्यंत विचार करून झाला. रविवारी सकाळी आजीने पुरीला तूप लावून भाकरी कुस्करून दिली. मग तिचा पट्टा, साखळी, गोधडीचा तुकडा, बिस्किटांचा पुडा आणि ते प्लास्टिकचं भांडं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलं. "त्यांची असेल तर रिकाम्या हाताने पाठवायची नाही," एवढंच बोलली.

काका आले. दारातच उकिडवे बसले आणि "राणी, राणी" अशी हाक मारली. पुरी गेली, त्यांचा हात हुंगला, आणि वळून आजीच्या पायाशी येऊन बसली. काकांनी तिच्या कानांकडे नीट पाहिलं. "ना बेन, आ अमारी नथी." त्यांच्या राणीचा एक कान दुमडलेला होता. फोटोत ते नीट कळलं नव्हतं.

मला केवढं हायसं वाटलं! आणि लगेच त्यांचा चेहरा दिसला, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. आईने चहा केला. काका पुरीच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ बसले. राणी सात वर्षं त्यांच्याकडे होती. पाणी चढलं तेव्हा त्यांनी तिची दोरी सोडली, पोहून जाईल म्हणून. नंतर मुलांना घेऊन ते शाळेत राहायला गेले. परत आले तेव्हा ती नव्हती.

निघताना आजीने ती पिशवी त्यांच्या हातात दिली. "राणी सापडली की तिला होईल." ते नको नको म्हणत होते, पण आजीपुढे कोणाचं चालत नाही.

भांडं पिशवीबरोबर गेलं, त्यामुळे त्या रात्रीपासून पुरी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या ताटलीत जेवते. ताटली आजीनेच काढून दिली. काकांकडून घेतलेला राणीचा फोटो आम्ही अजूनही दर पंधरा दिवसांनी ग्रुपवर टाकतो. दुमडलेला कान डावा आहे.