खेळा, पण आधी खोली बघा

पळसदरीत पाऊस लागला की मुलं घरात अडकतात. घाटाच्या पायथ्याचा पाऊस दिवस दिवस उघडत नाही. मैदानात चिखल, ओढ्याला पाणी. मग टीव्ही आणि मोबाईल. त्यात आता आपल्या वस्त्यांत एक नवी वस्तू येऊ लागली आहे: हात हलवून, उड्या मारून खेळायचा व्हिडिओ गेम. कर्जतकडच्या फार्महाऊसवर कामाला जाणाऱ्याला मालकाने जुना सेट दिला, कुणी हप्त्याने घेतला, कुणी टीव्हीला जोडायची नाचाची चटई आणली.

आम्ही या खेळाच्या विरोधात नाही. तासन् तास बसून अंगठे चालवण्यापेक्षा घाम काढणारा खेळ कधीही बरा. आमचं म्हणणं एवढंच की हा खेळ बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे घर होतं, ते आपलं नव्हे. २०१० साली आलेल्या 'किनेक्ट' या कॅमेऱ्याच्या खेळात एकट्याने खेळायला टीव्हीपासून साधारण ६ फूट आणि दोघांना ८ फूट अंतर लागायचं. आपल्या १० बाय १२ च्या खोलीत पलंग, कपाट, शिलाई मशीन आणि गॅस मांडल्यावर उरतं काय? सरकारी घरकुलसुद्धा २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं, तेही स्वयंपाकाची जागा धरून.

मागच्या पावसाळ्यात एक ताई सव्वा वर्षाच्या लेकीला घेऊन आमच्याकडे धावत आल्या. भुवईवर खोक पडली होती. दहा वर्षांचा भाऊ टेनिस खेळत होता, ही मागून आली आणि रिमोट तिला लागला. तीन टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. ताईंनी मुलाला आधीच बडवलं होतं, तो दारात रडत उभा. आम्ही त्यांना म्हटलं, "ताई, त्याची नजर पडद्यावर होती. मागे काय चाललंय ते त्याला कसं दिसणार? बघायला मोठं माणूस हवं होतं." चूक पोराची नव्हती, मांडणीची होती.

मोठ्या घरांतही हे घडलं आहे. २००६ मध्ये निंटेंडो कंपनीचा 'वी' हा खेळ आला. रिमोटची मनगटाची दोरी तुटून रिमोट भिरकावले जाऊ लागले, तेव्हा त्याच डिसेंबरात कंपनीने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका तरुण डॉक्टरच्या दुखऱ्या खांद्याची नोंद छापून आली. कारण होतं तासन् तास खेळलेलं टेनिस.

म्हणून घरोघरी एवढं पाळा.

• खेळणाऱ्याने दोन्ही हात पसरून जागेवर गोल फिरावं. हात कशालाही लागता कामा नये. लागला तर सामान हलवा, नाहीतर एका वेळी एकानेच खेळा.
• गॅस पेटलेला असताना, चहा उकळत असताना खेळ बंद.
• रांगतं मूल आणि म्हातारं माणूस खेळणाऱ्याच्या मागे नको. खडूने रेघ मारा.
• टीव्ही डगमगत्या स्टुलावर नको, भिंतीला पक्का बसवा. वायर पायात येऊ देऊ नका. ओल्या हातांनी बोर्डाला हात लावू नका.
• फरशी कोरडी हवी. पायमोजे घालून उड्या नकोत. रिमोटची दोरी मनगटात हवीच.
• अर्ध्या तासाने थांबा, पाणी प्या.

गरोदर बाईने उड्या मारू नयेत. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी खेळू नये. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबावं.

लागलंच तर काय करायचं? डोक्याला मार बसल्यावर मूल सारखं ओकत असेल, गुंगीत जात असेल, विचित्र वागत असेल, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. भाजलं तर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद नको, टूथपेस्ट नको. पडद्यावरच्या लखलखाटाने काही जणांना फिट येऊ शकते. तेव्हा कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूचं सामान हटवा, कुशीवर वळवा. ५ मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठा.

आता मुद्द्याचं. जागा नाही म्हणून गरिबाच्या पोराने खेळायचंच नाही, हे आम्हाला मान्य नाही. वस्तीत एक मोठी, कोरडी खोली असते: विहाराचा हॉल. वंदनेची आणि अभ्यासवर्गाची वेळ सोडून पावसाळ्यात रविवारी दोन तास तिथे हा खेळ का मांडू नये? काही ज्येष्ठांना हे रुचणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण मूल घरात गॅसजवळ उड्या मारतंय हे त्यांना रुचेल का? देखरेखीला दोन मोठी माणसं बसवा. पहिला तास मुलींचा ठेवा, कारण घरात रिमोट भावाच्याच हातात असतो. धुणीभांडी करून संध्याकाळच्या लोकलने परतणाऱ्या आयांनाही एक डाव खेळू द्या.

आणि पाऊस उघडला की टीव्ही बंद करून पोरांना मैदानात धाडा. मैदान नसेल तर ग्रामसभेत उठून मागा.