‘नगं’ म्हणायलाही बटण लागतं: एएसी म्हणजे काय, आणि सातारा-सांगलीतल्या घरांना ते का हवंय?

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. इथली धोक्याची पातळी आहे 45 फूट. हजारो कुटुंबं घर सोडून शाळांमध्ये, मंगल कार्यालयांमध्ये, नातेवाइकांकडे गेली. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झालं.

आता अशाच एखाद्या छावणीतली नावनोंदणीची रांग डोळ्यांसमोर आणा. रांगेत एक तरुणी आहे. तिला ऐकू येतं, सगळं समजतं, पण सेरेब्रल पाल्सीमुळे बोलता येत नाही. तिला फिट येते आणि गोळ्या घरीच राहिल्यात. हे ती कुणाला आणि कसं सांगणार?

आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे, ‘तिची आई सांगेल की.’ आणि आई दुसऱ्या बोटीतून गेली असेल तर?

या प्रश्नावर जगभरात बरंच काम झालंय. त्याला म्हणतात एएसी, म्हणजे ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन. मराठीत म्हणायचं तर पूरक आणि पर्यायी संवाद. बोलणं अपुरं पडतं तिथे जोड द्यायची, बोलणं होतच नाही तिथे दुसरा रस्ता द्यायचा.

म्हणजे नेमकं काय?

खुणा, हावभाव, नजर हेही एएसीच. त्यापुढे चित्रांचा तक्ता, अक्षरांचा तक्ता, चित्रं लावलेली वही. आणि मग मोबाईल किंवा टॅब, ज्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं की आवाज येतो. हात चालत नसतील तर नजरेने चालणारी यंत्रंही आहेत, पण ती महाग असतात. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज 1985 मध्ये शस्त्रक्रियेनंतर गेला आणि पुढची तीसहून जास्त वर्षं ते यंत्राच्या आवाजात बोलले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आपल्या राज्यातलं उदाहरण हवं असेल तर मुंबईच्या मालिनी चिब. त्यांनाही सेरेब्रल पाल्सी आहे. एका करंगळीने टाइप करून त्यांनी स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं आणि पुस्तकाचं नावच ठेवलं ‘वन लिटिल फिंगर’. त्यांच्या आई मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली.

हे फक्त लहान मुलांसाठी आहे असंही नाही. अर्धांगवायूनंतर शब्द हरवलेले आजोबा, तंबाखूमुळे घशाचा कॅन्सर होऊन स्वरयंत्र काढलेला माणूस, ऑटिझम असलेली मुलगी, मिरजेच्या एखाद्या आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेला पण शुद्धीत असलेला पेशंट, या सगळ्यांना ते लागतं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला तर ‘दुखतंय’, ‘श्वास अडकतोय’, ‘कूस बदला’ एवढे शब्द असलेला एक कागदही पुरतो.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात वाचेचं अपंगत्व नोंदवलेले 4 लाख 73 हजारांहून जास्त लोक होते. यातल्या प्रत्येकाला एएसी लागेलच असं नाही. उलट ज्यांना लागतं त्यांतले अनेक जण ‘बहुविकलांग’ किंवा ‘मतिमंद’ या रकान्यांत मोजले गेलेत. त्यामुळे हा आकडा नुसता अंदाजापुरता धरा.

‘पाणी, शू, जेवण’ यापुढे काय?

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते. एखाद्या मुलाला तक्ता मिळालाच तर त्यावर बहुतेकदा चार चित्रं असतात: पाणी, शू, जेवण, झोप. म्हणजे मागता येतं, बोलता येत नाही. तुम्ही दिवसभरात काय काय बोलता ते आठवा. ‘थांब’, ‘अजून दे’, ‘हे नको, ते’, ‘झालं माझं’, ‘का?’, ‘मला नाही आवडलं’, ‘तो असा का वागला?’ वस्तूंची नावं यात फार कमी आहेत. पण कुठेही चालणारे हेच शब्द तक्त्यावर नसतात.

आणि ‘नको’ नसणं हा साधा मुद्दा नाही. शरीराच्या अवयवांची नावं, ‘हात लावला’, ‘भीती वाटते’, ‘दुखलं’ हे शब्द ज्या मुलाकडे नाहीत, त्याच्यावर अत्याचार झाला तर ते सांगणार कसं? पॉक्सो कायद्याच्या कलम 26 मध्ये अशा मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्याची संवादाची पद्धत माहीत असलेल्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 125 सांगतं, की बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो. ती तोंडी साक्षच मानली जाते आणि तिचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं. कायदा तयार आहे. पण त्या क्षणी मुलाजवळ शब्दच नसतील तर दुभाषी कशाचा अर्थ लावणार?

अॅप मराठीत आहे, पण कुठल्या मराठीत?

चांगली बातमी अशी, की आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं अॅप मोफत आहे आणि मराठीत चालतं. मुंबईच्या उम्मीद बालविकास केंद्रासोबत ते घडलं. त्यात नुसती चित्रं नाहीत, आवडणं-न आवडणं, हो-नाही, जास्त-कमी अशी सहा बटणं कायम बाजूला असतात. चित्र निवडा, मग त्याबद्दल काय वाटतं ते सांगा. चेन्नईच्या अजित नारायणन यांचं ‘आवाज’ हे अॅपही भारतात घडलेलं.

आता अडचण. मराठी ही इंग्रजीसारखी चित्रं एकापुढे एक ठेवून होणारी भाषा नाही. ‘मी’, ‘शाळा’, ‘जा’ ही तीन चित्रं दाबली की यंत्र म्हणेल ‘मी शाळा जा’. ‘शाळा’चं ‘शाळेत’ करायचं, मुलगा असेल तर ‘जातो’, मुलगी असेल तर ‘जाते’. बरेच तक्ते हे विसरतात आणि मुलीच्या तोंडी ‘मी खातो’ घालतात. यावर उपाय अवघड नाही. सुरुवातीला मोडकंतोडकं चालू द्यायचं, आपण उत्तर देताना पूर्ण वाक्य म्हणायचं: ‘हो का, तू शाळेत जातेस?’ बोलणारी मुलंही असंच शिकतात.

दुसरी अडचण घरातल्या भाषेची. माण-खटावच्या घरात ‘नको’ला ‘नगं’ म्हणतात, ‘हो’ला ‘व्हय’, चहाला ‘च्या’. तिथल्या पोराच्या हातातला टॅब ‘मला चहा हवा आहे’ म्हणू लागला की घरात बातम्या लागल्यासारखं वाटतं. चुलत भावंडं हसतात आणि टॅब कपाटात जातो. म्हणून जिथे स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायची सोय आहे तिथे त्याच वयाच्या भावाचा किंवा बहिणीचा आवाज भरावा, घरच्या बोलीत. चित्रंही परक्या घरातली नकोत. पिझ्झा आणि बर्गर काढा, भाकरी, कोरड्यास, भडंग, म्हैस, रान, एसटी घाला. जत तालुक्यात तर अनेक घरांत कन्नड आणि शाळेत मराठी. तिथे दोन भाषांचे दोन तक्ते लागतील, आणि एकच निवडायचा झाला तर मी घरच्या भाषेचा आधी करेन.

महागडं यंत्र नसलं म्हणून थांबायचं कारण नाही. स्पेनच्या आरागॉन प्रांताच्या सरकारने ‘आरासाक’ या नावाने हजारो चित्रं खुली ठेवली आहेत, घरगुती वापराला मोफत. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून लॅमिनेशन केलं की तक्ता तयार. कागदाला चार्जिंग लागत नाही. पूरपट्ट्यातल्या गावांत तर तक्त्याच्या मागच्या बाजूला नाव, घरच्यांचा नंबर, औषधांची यादी आणि ‘मला ऐकू येतं, समजतं, उत्तराला थोडा वेळ द्या’ एवढं लिहून तो आधार कार्डाच्या पिशवीतच ठेवावा.

‘याने बोलणं बंद पडेल ना?’

ही भीती प्रत्येक घरात असते. ‘पाच वर्षांचा होऊ दे, मामा पण उशिरा बोलला होता.’ 2006 मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या भक्कम पुराव्याच्या 27 जणांपैकी कुणाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालं नव्हतं. 89 टक्क्यांचं थोडंफार वाढलं होतं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं. वाढ फार मोठी नसते, हेही खरं. पण थांबून राहण्यात मुलाची वर्षं जातात.

वापर मात्र शिकवावा लागतो, आणि आधी मोठ्यांना. तुम्ही बोलता बोलता स्वतः तक्त्यावर बोट ठेवा. ‘हे काय? दाखव बघू’ अशी परीक्षा घेऊ नका. विचारलं की मनात दहापर्यंत मोजा, आपण बहुतेक जण दोनला उत्तर देऊन टाकतो. आणि शिक्षा म्हणून तक्ता काढून घेऊ नका. बोलणाऱ्या मुलाच्या तोंडाला आपण चिकटपट्टी लावतो का?

एक सावधगिरी. मोठ्या माणसाने मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरं दाखवायची आणि त्यातून मुलाने कविता लिहिली, असे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये आले असतील. या पद्धतीला फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन म्हणतात. चाचण्यांमध्ये वारंवार दिसलंय, की शब्द हात धरणाऱ्याचे असतात. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने, ‘आशा’ने, 2018 मध्ये ही पद्धत वापरूच नये असं स्पष्ट सांगितलं. मुलाने स्वतः, स्वतःच्या बोटाने किंवा नजरेने निवडलं तरच ते त्याचं बोलणं.

मागायचं कुणाकडे?

दिव्यांग हक्क कायदा 2016 ने ‘संवादा’च्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धती धरल्या आहेत. कलम 17 सरकार आणि स्थानिक संस्थांना शिक्षणात त्यांच्या वापराला चालना द्यायला सांगतं. त्याच कलमात लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना 18 वर्षांपर्यंत सहायक साधनं मोफत द्यायची तरतूद आहे. तरीही शिबिरं म्हटलं की व्हीलचेअर, तीनचाकी आणि श्रवणयंत्रांचे फोटो येतात, संवादाचं साधन क्वचितच. मागणीच होत नाही, हे त्याचं एक कारण.

विशेष शिक्षकांचाही प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला 10 आणि पुढच्या वर्गांना 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केलं आणि मार्च 2025 मध्ये राज्यांना पदं जाहीर करायला सांगितली. महाराष्ट्राने 2024 मध्ये केंद्र पातळीवर 4,860 पदांना मंजुरी दिली होती. पण एका शिक्षकाकडे केंद्रातल्या सगळ्या शाळा असतील तर पाटण किंवा शिराळ्याच्या डोंगरातल्या वाडीवर तो महिन्यातून किती वेळा पोहोचेल, याचा हिशोब तुम्हीच करा. त्यामुळे वर्गशिक्षिका आणि अंगणवाडी ताईंना तक्ता वापरायला शिकवणं, हे मला जास्त कामाचं वाटतं.

तोवर पालकांना करता येण्यासारखं: सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा, तिथे वाचा उपचारतज्ज्ञाची तरतूद आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. शाळेत तक्ता किंवा टॅब हवा असेल तर कलम 17 चा उल्लेख करून मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना साध्या कागदावर अर्ज द्या. दोन प्रती न्या, आणि एकीवर शिक्क्यासह पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.