दरबार गेले, द्राक्षे राहिली

दरबार नाहीसा झाला म्हणजे त्याच्या आश्रयाने वाढलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, हा प्रश्न बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना नवा नाही. या प्रश्नाचा एक निराळाच खुलासा गेल्या शरदऋतूत मला हंगेरी देशातील टोकाय नावाच्या गावी मिळाला. तो द्राक्षांच्या मद्याच्या निमित्ताने मिळाला, हे आधीच सांगून टाकतो. आपण दारूबंदीच्या राज्यात राहतो आणि लिहिणारा पेशाने शिक्षक, तेव्हा काही भुवया उंचावतील. त्यांना विनंती एवढीच की येथे मद्याची भलावण शोधू नये. एक परंपरा कशी मरणपंथास लागली आणि पुन्हा कशी उठून बसली, हा या लेखाचा विषय आहे.

कोदाय यांची संगीत शिकविण्याची पद्धत पाहावी म्हणून मी तिकडे गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला. बुडापेस्टहून आगगाडीने अडीच-तीन तासांत टोकाय येते. गाव जेमतेम चार हजार वस्तीचे. तिसा आणि बोद्रोग या दोन नद्यांचा तेथे संगम आहे आणि गावाच्या पाठीशी द्राक्षमळ्यांनी वेढलेला डोंगर. या नद्यांवरच सारा खेळ आहे. शरदात सकाळी पाण्यावरून धुके चढते, दुपारी कोरडे ऊन पडते, आणि या पाळीमुळे पिकल्या द्राक्षांवर एक बुरशी धरते. एरवी बुरशी आली की बागाईतदार कपाळाला हात लावील. येथे तो तिची वाट पाहतो. ती मण्याची साल सच्छिद्र करते, आतले पाणी उडून जाते आणि मणी मनुकेसारखा आक्रसतो. अशा मण्याला ‘ऑसू’ म्हणतात. घडच्या घड तोडून चालत नाही. एकेक मणी हाताने वेचावा लागतो आणि त्यासाठी त्याच मळ्यात पुन्हा पुन्हा फिरावे लागते.

वेचलेले मणी मोजण्याचे जुने माप म्हणजे पाठीवरची टोपली, ‘पुत्तोन्य’. तीत सुमारे पंचवीस किलो मणी मावत. १३६ लिटरांच्या पिंपात अशा किती टोपल्या घातल्या, त्यावर मद्याची प्रत ठरे. आज हिशेब साखरेवर चालतो. २०१३ च्या नियमाप्रमाणे ऑसू म्हणविणाऱ्या वाइनमध्ये लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर असावी लागते.

तळघरे डोंगराच्या पोटात खोदलेली. भिंतींवर काळ्या बुरशीचा मखमलीसारखा थर, आणि उन्हाळा असो की हिवाळा, आत तोच गारवा. चव घ्यावयाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम फुर्मिंट द्राक्षाची कोरडी, आंबटसर वाइन. मग सामोरोद्नी, या शब्दाचा अर्थ ‘जशी उपजली तशी’, कारण तिच्यात मणी न निवडता सबंध घड घालतात. नंतर ऑसू. मध, जर्दाळू, संत्र्याची साल यांची आठवण देणारी गोडी, पण खालून आंबटपणाचा असा आधार की ती जिभेवर बसून राहत नाही. शेवटी एसेन्सिया, म्हणजे ऑसू मण्यांच्या राशीतून केवळ त्यांच्या स्वतःच्या भाराने ठिबकलेला रस. तो इतका दाट की आंबावयास वर्षे लागतात, आणि मद्यार्क नावापुरता. तो चमच्याने देतात. आजीने द्राक्षासवाचा चमचा पुढे करावा, तसा.

या घोटामागे मोठे दरबार उभे होते. राकोत्सी घराण्याच्या राजपुत्राने ही वाइन फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडे पाठविली आणि त्याने तिला ‘राजांची वारुणी आणि वारुणींची राणी’ म्हटले, असे सांगतात. रशियाच्या दरबाराने अठराव्या शतकात खरेदीसाठी आपली माणसे टोकायमध्येच ठेवली होती. १७३७ मध्ये राजाज्ञेने या प्रदेशाच्या सीमा आखून दिल्या गेल्या. केल्चेईने १८२३ साली रचलेल्या आणि एर्केलने १८४४ साली स्वरबद्ध केलेल्या त्यांच्या राष्ट्रगीतातही टोकायच्या वेलींचा उल्लेख आहे.

पुढे दैव फिरले. १८८० नंतरच्या दशकात फायलोक्सेरा या किडीने मळे मारले. पहिल्या महायुद्धानंतर देश कापला गेला आणि बाजारपेठा तुटल्या. ही वाइन पिढ्यान्‌पिढ्या परदेशी पोचविणाऱ्या व्यापाऱ्यांत ज्यू मोठ्या संख्येने होते. १९४४ साली तेथील ज्यूंना छळछावण्यांत धाडण्यात आले. जवळच्या माद गावी त्यांचे सुंदर प्रार्थनामंदिर उभे आहे, प्रार्थना करणारी वस्ती नाही. त्यानंतर समाजवादी राजवटीत मळे सरकारजमा झाले, आणि गुणापेक्षा गणतीला महत्त्व आले.

१९९० च्या सुमारास मळे पुन्हा खाजगी हाती आले, परदेशी भांडवल आले, आणि खरा वाद तेव्हा पेटला. नव्या मंडळींची ऑसू स्वच्छ, ताज्या फळाच्या चवीची होती. जुने जाणते म्हणू लागले, ही टोकायच नव्हे. खरी टोकाय पिंपात हवेशी मुरून तपकिरी झालेली असते. नवे म्हणाले, तुम्ही परंपरा म्हणता ती सरकारी कारखान्याच्या चाळीस वर्षांची सवय आहे. त्यापूर्वीचे कोणी चाखले आहे? वादाचा निकाल दोन्ही बाजूंनी अजून दिलेला नाही. मात्र मणी हाताने वेचावयाचे, यावर दोघांचे एकमत आहे, आणि त्या एका गोष्टीवर टोकाय वाचली असे माझे मत आहे. २००२ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशात घेतले, ते त्यानंतरचे.

हे येथे सांगण्याचे कारण उघड आहे. माझ्या वडिलांना कलावंत कारखान्यातील चाकरी जेमतेम दोन वर्षे लाभली. १९४९ साली संस्थान विलीन झाले. तेव्हापासून ‘दरबारी गाणे आता राहिले नाही’ हे वाक्य मी ऐकत आलो आहे. पण कोणते दरबारी गाणे? फैयाझ खाँसाहेब १९५० साली गेले; आपण जपतो ती बहुधा त्यांच्या उत्तरकाळाची, तीही ऐकीव, आठवण. त्याआधी मौलाबक्षांनी कर्नाटक संगीत शिकून आपली स्वरलिपी तयार केली. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी गायनशाळा काढली आणि जे गाणे गुरूच्या घरी मिळे, ते शाळेच्या बाकावर आले. १९१६ साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली तीही येथेच. हे सारे त्या काळी नवे होते. बडोद्याची परंपरा म्हणून जे आपण मिरवितो, त्यातील बरेचसे महाराजांनी परंपरा मोडून केलेले आहे.

तेव्हा नव्या गायकाचा आवाज ‘आपल्यासारखा’ नाही म्हणून नाक मुरडणे सोडावे. त्याऐवजी विचारावे, याने मणी वेचले आहेत काय? एक राग वर्षभर घोटला आहे काय? माझ्या वर्गात जुन्या घरांतील मुले येतात, दोन परीक्षा होतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि तंबोरा कोपऱ्यात जातो. तीच घरे स्मृतिसमारोहाला पहिल्या रांगेत असतात. समारोह जरूर व्हावेत, पण त्यांच्या खर्चाचा चौथा हिस्सा जरी दोन गरजू मुलांच्या पाच वर्षांच्या तालमीवर लागला, तरी शहरात दोन गाणारे वाढतील. माळ्यावरच्या ट्रंकेत बंदिशींच्या वह्या असतील, तर त्या कोणा शिकणाऱ्याच्या हाती द्याव्यात. वह्या गाइल्या गेल्या तरच त्यांचा उपयोग.

टोकायला आता झार उरले नाहीत आणि लुईही नाही. शरदात मात्र माणसे टोपल्या घेऊन मळ्यात उतरतात. आपल्याकडे राजवाडा अजून उभा आहे. उणीव आहे ती वेचणाऱ्यांची, आणि ती राजाने नव्हे, आपल्यासारख्या घरांनी भरून काढावयाची आहे.