सतरा नंबरच्या पलीकडे

पर्यायी शिक्षणाचा विषय निघाला की भंडारा जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांच्या स्टाफरूममध्ये दोनच नावे पुढे येतात : खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आणि आयटीआय. पहिला नापासांसाठी, दुसरी ‘अभ्यासात जेमतेम’ असलेल्यांसाठी, अशी वाटणीही मनात पक्की असते. ती मोडल्याशिवाय शाळा सुटलेल्या मुलांच्या हाती काही लागणार नाही.

नियमांनी खरे तर बरेच काही खुले केले आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीसाठी नाव नोंदवता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते, तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सवडीने सोडवता येतो. आधीच्या मंडळात उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तिकडे वळते करून घेता येतात. राज्याच्या स्वतःच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीची सोय आहे. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापास मुलेही पात्र असतात.

पण यातले कोणत्या मुलाला काय लागू पडते, हे सांगणारे कोणी तरी हवे. लाखांदूर तालुक्यातली, गणितात दोनदा अडकलेली आणि रोवणीच्या दिवसांत घरच्यांबरोबर धानाच्या बांधीत उतरणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. एनआयओएसमध्ये गणित सक्तीचे नाही, म्हणून ती वाट तिला सोपी. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दुसरी वेळ नेमकी धानकापणीत येते, म्हणून तिने पहिली धरावी. मात्र गणित सोडले की पॉलिटेक्निकचा आणि आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडचा रस्ता बंद होतो, हे फॉर्म भरण्याआधीच तिच्या घरी सांगायला हवे. एवढे बोलायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कोणाच्या वेळापत्रकात नसतो.

वाट मिळाली तरी त्या वाटेवर शिकायचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर महाराष्ट्रात चार दशकांपूर्वीच दिले गेले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचे : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. वेल्डिंग करायचे ते गावातल्या कोणाला तरी लागणाऱ्या वस्तूसाठी, आणि त्या वस्तूचा खर्चही मुलांनीच काढायचा. राज्य मंडळाने या ‘मूलभूत तंत्रज्ञाना’ला शालेय विषय म्हणून मान्यता दिली. आज नववी-दहावीत शिकवल्या जाणाऱ्या मल्टी स्किल विषयाचे मूळ तिथे आहे.

पाबळला जे साधले त्यासाठी भंडाऱ्याकडे स्वतःचा कच्चा माल भरपूर आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव हे त्यातले पहिले. पाळ कुठे घालायची, पाणी सोडण्याचा तुडूम किती उंचीवर ठेवायचा, पाणी वाटणाऱ्या पाणकराने कोणत्या बांधीला किती वेळ पाणी सोडायचे, यात उतार, क्षेत्रफळ, प्रमाण आणि गावाचा कारभार असे चार पाठ एकाच पाळीवर उभे आहेत. १९५१च्या सुमारास मालगुजारीची जमीनदारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि देखभालीची गावकी विस्कटली. हा इतिहासाचा पाठ. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाकडून मासे आणि पाणवनस्पतींची माहिती गोळा केली, तलावातले बेशरम हे तण उपटले आणि स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. या कामाचा मोठा भाग अर्जुनी मोरगाव तालुक्यात झाला. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत तो तालुका भंडाऱ्यातच होता. जीवशास्त्राची इतकी तयार प्रयोगशाळा शहरातल्या शाळेला पैसे मोजूनही मिळणार नाही.

मोहाडी आणि आंधळगावचा कोसा हा दुसरा धडा. करवतकाठी साडी विणताना तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठ आणि अंग यांचे धागे जिथे एकमेकांत अडकतात तिथे करवतीचे दाते उमटतात. दात्यांची उंची आणि अंतर राखण्यासाठी विणकर जो हिशेब करतो तो सातवीच्या गणितात बसतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो : ढिवराच्या मुलाने मासेच धरायचे आणि कोष्ट्याच्या मुलीने मागावरच बसायचे का? मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली. जातीचा धंदा मुलांच्या गळ्यात बांधला जातो, अशी त्यावर जोरदार टीका झाली आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. तो धडा विसरून चालणार नाही. म्हणून तलाव आणि माग सगळ्या वर्गासाठी हवेत, तहसीलदाराच्या मुलासाठीही. आणि त्या कामाला गुणपत्रिकेत जागा हवी. नाही तर त्याची नुसती सहल होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. ते स्नेहसंमेलनाच्या तयारीत जाऊ देऊ नयेत. दोन दिवस तलावाच्या पाळीवर, दोन मागाशेजारी, दोन साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात गेले तरी सुरुवात होईल. शिकवायला आलेल्या पाणकराला आणि विणकराला पाहुणा म्हणून हारतुरे देऊन न पाठवता त्यांच्या दिवसाचा रोज शाळेने द्यावा.

राहिला तो वेळापत्रकात नसलेला अर्धा तास. त्यासाठी प्रत्येक मुख्याध्यापकाने दहावीचा निकाल लागल्यावर आठवडाभरात नापास आणि गैरहजर मुलांची यादी काढावी, एका शिक्षकावर ती सोपवावी आणि त्याला प्रत्येक घरी पाठवावे. मुक्त मंडळ, पुरवणी परीक्षा आणि आयटीआय यांच्या तारखा त्याच्या खिशात असाव्यात. यासाठी वरून कोणताही आदेश यायची गरज नाही. यंदाच्या निकालापासूनच हे सुरू करावे.