बहिणी-बहिणींत हिशेब हवाच!

पुण्यात आम्ही दोघी भाड्याच्या खोलीत राहायचो. भाडं निम्मं-निम्मं. तिचा चार महिन्यांचा वाटा, १६,००० रुपये, मी भरला. ती न देताच खोली सोडून गेली. मी मागितले, तर संघटनेतल्याच मैत्रिणी म्हणाल्या, "बहिणी-बहिणींत कसला हिशेब?" वस्तीत बचतगटाची वही चोख ठेवायला शिकवणारी मी, गप्प बसले.

हा कसला भगिनीभाव? बाईचे कष्ट बुडवायला घरात 'माया', आपल्यात 'मैत्री'!

मैत्रिणींनो, वाटे लिहून ठेवा. १९६३च्या मुदत कायद्यानुसार पैसे भरल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो.

मी नोटीस पाठवली आहे. मैत्री हिशेबाने तुटत नाही, बुडवण्याने तुटते.