किल्ली कुणाच्या खिशात?

आमच्या नागावात नारळी-पोफळीच्या वाड्या इतक्या दाट, की उन्हालादेखील विचारूनच आत यावे लागते. मोबाइलची रेंज तर उन्हापेक्षा मानी! ती वाडीत पाऊल टाकीत नाही. आपणच तिच्या भेटीला रस्त्यावर जायचे.

२०२५ च्या ऑक्टोबरात शेजारच्या मावशी माझ्याकडे आल्या. वय बासष्ट. ‘लाडकी बहीण’चे महिना १,५०० रुपये चालू राहण्यासाठी त्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली होती. म्हणजे, आपण ते आपणच, हे घरबसल्या सिद्ध करायचे! मावशींचा आधार क्रमांक जोडलेला होता डोंबिवलीच्या मुलाच्या मोबाइलला. मी रस्त्यावर उभा राहून आकडे भरले. ओटीपी गेला डोंबिवलीला. चिरंजीव लोकलच्या गर्दीत! त्यांचा हात खिशापर्यंत पोचेतो ओटीपीची मुदत सरली.

तीनदा असे झाल्यावर मावशी म्हणाल्या, “मास्तर, घर माझं, दार माझं, आणि किल्ली त्याच्या खिशात!”

रात्री मुलाला गाठून तेवढे जमवले, तर पुढचा रकाना म्हणे : नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक. दोघेही केव्हाच गेलेले. मावशी गप्प झाल्या. मी एवढा मराठीचा प्राध्यापक. पण त्या रकान्यात काय लिहावे ते मला सुचेना.

अशा बायका राज्यात पुष्कळ निघाल्या. नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. विधवांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला द्यावा, अशी सोय झाली. पण ही बातमीही आली मोबाइलवरच! मावशींना ती सांगितली अंगणवाडीच्या ताईंनी, कुंपणाशी उभे राहून.

पूर्वी पोस्टमन मनिऑर्डर आणी, अंगठा घेई, पत्रही वाचून दाखवी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात विजेच्या तारा आणि मोबाइल मुके झाले, तेव्हाही विचारपूस केली ती चालत आलेल्या माणसांनीच. यंत्राशी माझे वैर नाही. ते कचेरीचे हेलपाटे वाचवते, हे खरेच. पण ज्याला ते वापरता येत नाही, त्याच्याशेजारी बसणारे माणूसही सरकारने नेमले पाहिजे. शेजाऱ्याच्या सवडीवर कुणाचे दीड हजार टांगून ठेवू नयेत.

मावशींचे काम अखेर झाले. अलिबागला जाऊन आधार क्रमांकही त्यांच्याच मोबाइलला जोडून आणला. आता ओटीपी आला की त्या रस्त्यावरूनच हाक मारतात, “मास्तर, किल्ली आली हो!”